मदत हवी आहे: गाडी मागून बसली आहे

संदीप_ठाणे
गाडी मागून पार बसलीय. स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासतो. मेकॅनिक म्हणाला शॉक-अप गेलेत, दोन्ही बदलले, काडीचा फरक नाही. पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन कोकणात जायचंय. लवकर सांगा.

गॅरेजकाका
गाडी कुठली?

संदीप_ठाणे
प्रीमियर पद्मिनी, जुनी फियाट हो, ९६ची.

अँबीवाला
टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगसारखी पिळ खाणारी दांडी, ती फिरवा, गाडी वर येते.

गॅरेजकाका
अहो, तो अँबॅसडरला, तोही पुढे. पद्मिनीला मागे पाटे आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. वजन पाटे पेलतात, शॉक-अप फक्त उसळी आवरतो. संदीप, गाडी सपाट जागेवर लावा, हवा सारखी भरा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजा. एकच बाजू खाली असेल तर पाटा तुटलाय का ते बघा.

फियाटप्रेमी
मोजताय काय! एक जादा पाटा घाला. माझ्या गाडीला आहे, पाच माणसं आणि सामान बिनधास्त.

गॅरेजकाका
रिकाम्या गाडीत मागच्याची कंबर जाते त्याचं काय? आहेत त्याच पाट्यांना पुन्हा कमान भरून घ्या, म्हणजे सपाट झालेला बाक परत आणून घ्या, जोडीनं. गॅसवर तापवून वाकवणाऱ्याकडे मात्र नको. पोलादाचं पाणी उतरतं आणि गाडी परत बसते.

पेठकर
कमान भरलेले पाटे टिकत नाहीत. पुण्यात नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांत फिरा, नवी जोडी शोधा. आणि जाण्याआधी कार्बोरेटर साफ करून घ्या, घाटात गाडी गुदमरते.

संदीप_ठाणे
कार्बोरेटर ठीक आहे हो! मोजलं. दोन्ही बाजू सारख्याच खाली, तुटलेलं काही नाही.

गॅरेजकाका
डिकीत काय आहे?

संदीप_ठाणे
काही नाही, रिकामी आहे. सीएनजीची टाकी तेवढी, ती बाबांच्या वेळेपासूनच आहे.

गॅरेजकाका
हे आधी सांगायचं ना! म्हणजे एक माणूस कायम डिकीत बसलाय, इतकी वर्षं.

फियाटप्रेमी
म्हणूनच जादा पाटा म्हणत होतो.

गॅरेजकाका
टाकी ठेवणारच असाल तर फियाटप्रेमींचं मान्य. पण दोन्हीकडे घाला आणि उंची टाकीसकट धरायला सांगा. पाटे उतरले की बॉडीला ते जिथे बसतात तिथे गंज आहे का, टोचून बघा. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, तिथलाच पत्रा सगळा भार घेतो. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक बॉडीला धरणाऱ्या कडीचे, रबरी बुश नवे टाका, पण बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पेठकर
टाकीची दर तीन वर्षांची टेस्टिंग झालीय का?

संदीप_ठाणे
बघतो. काका, उद्याच पाटे उतरवतो. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि ते अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुनेच चालतील ना?

गॅरेजकाका
नवेच घ्या.