मदत हवी आहे : माणसांचा ताप आणि जनावरांचा ताप एकाच विषाणूचा आहे का? (रावेर तालुका)

सुकीकाठ :
नमस्कार मंडळी. सोमवारी ग्रामसभा आहे आणि त्याआधी उत्तर हवे आहे, म्हणून थेट विचारतो. पोळ्यानंतर आमच्या गावात घरोघर तापाचे रुग्ण आहेत आणि त्याच सुमारास गोठ्यांतील जनावरेही तापाने बसली आहेत. दूध संकलन केंद्राची वही माझ्याकडे असते. ज्या घरांचे दूध घटले, त्याच घरांची नावे आशाताईंच्या तापाच्या नोंदवहीत सापडतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवून मी जुळवून पाहिले आहे. तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. आता 'ढोरांचा ताप माणसांत आला' असे म्हणून सगळे गोठे गावाबाहेर हलवण्याचा ठराव येतो आहे. ज्यांचे घर एका गाईच्या दुधावर चालते, त्यांनी रात्री राखणीला कोणाला पाठवायचे? रक्त कोठे पाठवायचे, एवढेच सांगा.

तपासनीस_धुळे :
'तपासणी निगेटिव्ह आली' यावरून काहीच सांगता येत नाही. कोणती तपासणी केली, माणसांची की जनावरांची, आणि ताप आल्यापासून कितव्या दिवशी रक्त घेतले? रुग्णांचे सांधे दुखतात का?

केळीवाला_यावल :
रक्त तपासण्यात वेळ घालवू नका. केळीच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साचते आणि त्यात डास होतात, हे मी स्वतःच्या बागेत पाहिले आहे. बागांत धूरफवारणी करून घ्या, ताप आपोआप थांबेल. आम्ही तेच केले.

सुकीकाठ :
तपासणी डेंग्यूचीच केली, दुसरी कोणती करणार? तालुक्याच्या गावी खाजगी प्रयोगशाळेत, त्या पट्टीवर. आमच्याकडे कोणी पहिल्या दिवशी डॉक्टरकडे जात नाही. आठवडाभर अंगावर काढून मगच जातात. सांधे तर असे धरले आहेत की सकाळी दूध घालायला येणाऱ्या बायाबापड्यांना किटलीचे झाकण उघडता येत नाही.

तपासनीस_धुळे :
हेच पहिल्यांदा लिहायला हवे होते. डेंग्यूची एनएस१ चाचणी रक्तातील विषाणूचे प्रथिन शोधते आणि साधारण पहिले पाच दिवसच भरवशाची असते. आठवडा उलटल्यावर ती निगेटिव्ह आली, तर डेंग्यू नव्हता असे सिद्ध होत नाही. त्या वेळी आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे नव्या संसर्गानंतर शरीर प्रथम तयार करते ती, पाहावी लागतात. मनगटे आणि बोटे अशी धरली असतील, तर माझा पहिला संशय चिकुनगुनियावर आहे आणि त्याची तपासणी तुम्ही केलेलीच नाही. त्याचे आयजीएम दोन-तीन महिने रक्तात सापडते, त्यामुळे ताप उतरलेल्या रुग्णांकडूनही उत्तर मिळेल. प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत नमुने शासनाने नेमलेल्या सेंटिनल रुग्णालयात पाठवा. तेथे ही तपासणी मोफत होते आणि तिचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात.

केळीवाले भाऊ, बेचक्यांतील पाण्यात डास होतात हे नाकारत नाही. तथापि, चिकुनगुनिया आणि डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा घरातला डास आहे. तो दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि जन्मल्या जागेपासून सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. बाग फवारून घरातील टाकीचा प्रश्न सुटत नाही.

निवृत्त_पशुवैद्य :
जनावरांविषयी कोणीच विचारले नाही. ताप किती दिवस राहतो? जनावर एका पायाने लंगडते की आज एक पाय, उद्या दुसरा? अंगावर गाठी आहेत का?

गृहिणी_अमळनेर :
गाठी असतील तर लम्पीच. २०२२ची साथ राज्यात पहिल्यांदा रावेर तालुक्यातच आढळली होती. आमच्या वासराला गोट-पॉक्सची लस पुन्हा द्यावी का?

निवृत्त_पशुवैद्य :
ताई, लस दरवर्षी द्यावी, परंतु लम्पी माणसांना होत नाही आणि येथे गाठींचा उल्लेखही नाही. धागाकर्त्यांना उत्तर देऊ द्या.

सुकीकाठ :
गाठी नाहीत. तीन दिवस फणफणून ताप, पाय बदलून लंगडणे, दूध निम्म्यावर, मग आपोआप उभे राहणे. हा तिवाच आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. माझा प्रश्न तो नाही. तो माणसांत आला का, हा आहे.

निवृत्त_पशुवैद्य :
मग तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याजवळच होते. तिवा हा गाई-म्हशींचा विषाणूजन्य रोग आहे. तो डास आणि कुटकीसारख्या बारीक चावऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि माणसांना होत नाही. उलट, चिकुनगुनिया माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून माणसाकडे फिरतो. आपल्या गावांतील साथींना गाईची गरज लागत नाही. दोन्हींना पाऊस एकच लागतो, म्हणून ते एकाच महिन्यात दिसतात. न विचारता एक सांगतो : तिव्याने बसलेल्या जनावराला तोंडाने औषध पाजू नका. त्याला नीट गिळता येत नाही आणि औषध फुफ्फुसात जाऊन जनावर दगावते.

नवापूरकर :
एवढ्या खात्रीने 'जनावरांचा संबंध नाही' असे सांगू नये. आमच्या सीमेपलीकडे गुजरातेत २०२४मध्ये चांदीपुरा विषाणूने मुले दगावली. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठ्याचा ओलावा यांतूनच तो कीटक येतो. गोठे हलवलेलेच बरे.

तपासनीस_धुळे :
तुमची काळजी रास्त आहे, पण चांदीपुरा डासांमुळे नव्हे, तर मुख्यतः वाळूमाशीमुळे पसरतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथे तो प्रथम सापडला. त्यात लहान मुलांना अचानक तीव्र ताप येतो, झटके येतात आणि एक-दोन दिवसांत प्रकृती गंभीर होते. मोठ्या माणसांचे आठवडेच्या आठवडे सांधे दुखणे हे त्याचे चित्र नव्हे. भेगा लिंपाव्यात, मुलाला झटके आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मात्र त्यावरून या गावाचे गोठे हलवू नयेत.

निवृत्त_पशुवैद्य :
माणूस आणि जनावर एकत्र तपासावे लागते ते जपानी मेंदूज्वरात. तेथेही गाय दोषी नाही : तिला डास पुष्कळ चावतात, परंतु पुढच्या डासाला लागण होईल इतका विषाणू तिच्या रक्तात वाढत नाही. तो वाढतो डुकरांत आणि बगळ्यांत. म्हणून पाळत ठेवायची तर डुकराच्या पिलांवर ठेवतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरल्यानंतर पिलाच्या रक्तात नवी सापडली, तर विषाणू याच हंगामात त्या परिसरात फिरला, असे कळते. नवापूरकडे भातखाचरे आहेत, तेथे हा विचार आधी व्हावा.

तपासनीस_धुळे :
आणि डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल हे एकाच कुळातील असल्याने त्यांची प्रतिपिंडे चाचणीत एकमेकांसारखी वागतात. खात्रीसाठी न्यूट्रलायझेशन चाचणी, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे नेमका कोणता विषाणू निष्प्रभ करतात हे पाहणारी, लागते. चिकुनगुनियाचे कूळ वेगळे असल्याने तुमच्याकडे तो घोळ कमी आहे.

सुकीकाठ, आता माझा खरा प्रश्न. तुमच्या दुधाच्या वहीत फक्त गाई-म्हशी असलेली घरे आहेत. ज्यांच्याकडे जनावर नाही, त्या घरांत ताप किती आहे, हे पाहिले का?

सुकीकाठ :
आशाताईंसोबत पुन्हा वही उघडली. बसथांब्यामागच्या गल्लीत एकही जनावर नाही. तेथे टायर दुरुस्तीचे दुकान आहे, आणि ताप गावात सर्वांत आधी तेथेच आला. हे माझ्या वहीत कधीच दिसले नसते. दुसरे असे की नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही, म्हणून जनावरांसाठी गोठ्याच्या घरांत दोन ड्रम जास्त भरून ठेवतात. एका ड्रमावरचे फडके मधोमध पाण्यात लोंबत होते. ते उचलले तर खाली वळवळणाऱ्या अळ्या होत्या.

केळीवाला_यावल :
ड्रम घासून वाळवायला सांगा, नुसते ओतून चालत नाही. तरी बागांकडेही पाहावे, या मतावर मी ठाम आहे.

तपासनीस_धुळे :
घासण्याबाबत पूर्ण सहमत. अंडी ओल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून वाळवण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा पाळायचा असतो.

सुकीकाठ :
ग्रामसभेत असे मांडतो : गोठ्यांचा ठराव स्थगित ठेवावा, ताप येऊन गेलेल्यांची आयजीएम तपासणी आरोग्य केंद्रामार्फत व्हावी, आणि टायरच्या दुकानासह प्रत्येक घराची भांडी तपासावीत. तिव्याचाही पुरावा हाती असावा, म्हणजे कोणी पुन्हा बोट दाखवणार नाही. बऱ्या झालेल्या गाईंचे रक्त चालेल का?

निवृत्त_पशुवैद्य :
विषाणू शोधायला चालणार नाही, तो रक्तातून गेलेला असतो. आज ताप चढलेले जनावर निवडा. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावून, अंगात ताप असतानाच जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त आणि साध्या नळीत सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग) घ्यायला सांगा. नमुने पुण्यात औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे त्यांच्यामार्फतच जातील, आपण टपालाने पाठवू नका. त्याच जनावराचे दुसरे सीरम दोन-तीन आठवड्यांनी घ्यावे लागेल. प्रतिपिंडे चौपट वाढलेली दिसली, तर ते पक्के. कानातील बिल्ल्याचा क्रमांक दोन्ही वेळी लिहून ठेवा, नाहीतर जोडी जुळत नाही.