‘दूध-कोंबडी बंद करा, डॉक्टरकडे जाऊ नका’ या पोस्टला उत्तर

मृण्मयी_नाशिक

एक पोस्ट सोसायटीच्या, शाळेच्या आणि माहेरच्या अशा तिन्ही ग्रुपांवर फिरते आहे. काल इथेही कुणीतरी चिकटवली. तिचं म्हणणं असं, की पिशवीच्या दुधात आणि ब्रॉयलरमध्ये हार्मोन असतात म्हणून मुली सहाव्या-सातव्या वर्षी वयात यायला लागल्या. इंजेक्शन देऊन पाळी लांबवणं हा डॉक्टरांचा धंदा आहे. आणि दूध-चिकन बंद केलं की सहा महिन्यांत सगळं पूर्ववत होतं.

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे. पहिल्या दोनांवर वाद घाला, पण तिसरं एखाद्या मुलीचं कायमचं नुकसान करणारं आहे.

माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या छातीत एकाच बाजूला गाठ लागली. फ्रॉक चढवताना दुखायची. मला आधी कॅन्सरच वाटला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात लावून न बघताच ‘गुटगुटीत आहे, चरबी असेल’ म्हणून परत पाठवलं. घरात सगळे तिच्या उंचीवर खूश होते. वर्षभरात अशी वाढली की वर्गात तिला शेवटच्या बाकावर बसवायला लागले. पुढे हार्मोनच्या तज्ज्ञांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढला, तर सात वर्षांच्या मुलीची हाडं दहा वर्षांची निघाली. हाडं लवकर पिकली की वाढायचीही लवकर थांबतात. म्हणजे आज वर्गात सगळ्यांत उंच दिसणारी मुलगी मोठेपणी सगळ्यांत बुटकी राहू शकते. दूध बंद करून ज्या सहा महिन्यांत वाट बघायची, त्याच सहा महिन्यांत हाडांचं हे वय झपाट्याने पुढे सरकतं.

इंजेक्शनबद्दल. ते ‘पाळी मारत’ नाही. मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप काही काळ अडवतं. द्यायचं थांबवलं की साधारण वर्ष-दीड वर्षात पाळी सुरू होते. मुलीला आठ वर्षांच्या आत छातीत गाठ आली किंवा मुलाला नऊच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली, तर आधी दाखवा. पोस्ट नंतर फॉरवर्ड करा.

दिगंबर_कराड

ताई, मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण सगळी पोस्टच खोटी असं म्हणू नका. माझ्या आईला पंधराव्या वर्षी न्हाण आलं. बहिणींना चौदाव्या, लेकीला बाराव्या. आता नात नऊची आहे, छाती भरायला लागली आहे, आणि सून आत्तापासून पॅड आणून ठेवते. चार पिढ्यांत रक्त बदललं का? बदललं ते ताट. आम्ही घरच्या म्हशीचं दूध प्यायलो. आता गोठ्यागोठ्यात इंजेक्शन टोचल्याशिवाय म्हैस पान्हवत नाही. गावठी कोंबडी पाच-सहा महिने फिरायची तेव्हा कुठे सुरीखाली यायची, ही चाळीस दिवसांत दोन किलोची होते. काही घातल्याशिवाय होते?

आणि तज्ज्ञांचं म्हणाल तर माझ्या पुतण्याला पुण्यात एका ठिकाणी मुलीच्या तपासण्यांत हजारो रुपये घालायला लावले आणि शेवटी ‘काही नाही, घरी जा’. याला धंदा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पोल्ट्री_तासगाव

दिगंबरकाका, मी करारावर ब्रॉयलर पाळतो, म्हणून तुम्हाला विचारतो. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज प्रत्येकाला कोण टोचणार? वाढीचं हार्मोन खाद्यात मिसळलं तर पक्षी ते पचवून टाकतो, त्याचा उपयोग शून्य. त्याची किंमत आमच्या अख्ख्या बॅचच्या नफ्याहून जास्त. आपल्याकडे हार्मोन वापरायला परवानगीही नाही. वजन येतं ते जातीमुळे आणि मका-सोयापेंडीमुळे. ही जात कित्येक दशकं निवड करत करत अशी केली आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत ‘चिकनने कोरोना होतो’ अशीच पोस्ट फिरली. किलोचा दर इतका खाली आला की पिल्लाचा खर्चही निघेना. बेळगावकडे एकाने हजारो पक्षी जिवंत खड्ड्यात पुरले, तो व्हिडिओ मी विसरलेलो नाही. माझं कर्ज त्या दोन महिन्यांचं आहे. तुम्ही फॉरवर्ड करून झोपता, आमची शेड रिकामी राहते.

अँटिबायोटिकबद्दल बोला, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांना-कोंबड्यांना द्यायला २०१९ मध्ये सरकारने बंदी घातली ती योग्यच केली. पण हार्मोन नाही म्हणजे नाही.

दिगंबर_कराड

तुमचं पोट त्यावर आहे, तुम्ही हेच म्हणणार. म्हशीच्या इंजेक्शनबद्दल एक शब्द लिहिला नाहीत.

पोल्ट्री_तासगाव

मी म्हशी पाळत नाही. आणि माझं पोट त्यावर आहे म्हणून मी खोटं बोलतो, हे तोंडावर येऊन बोला. माझ्या दोन्ही पोरी त्याच शेडमधली कोंबडी खाऊन वाढल्या. थोरलीला तेराव्या वर्षी पाळी आली. तुमच्या घरचे दाखले चालतात, तर माझ्याही घरचा घ्या.

बालरोग_सोलापूर

म्हशीच्या इंजेक्शनचं मी सांगतो, कारण ओपीडीत रोज विचारतात. ते ऑक्सिटोसिन. नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी, पोटात गेली की पचताना तुटते. त्याचा छातीच्या वाढीशी संबंध नाही. जनावराचे हाल होतात आणि तसा वापर बेकायदा आहे, म्हणून ते थांबायलाच हवं. केंद्राने २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांना ते देशात विकण्यासाठी बनवायला बंदी केली होती, दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच औषध लागतं. हा सगळा प्रश्न म्हशीचा आणि बाळंतिणीचा आहे, सात वर्षांच्या मुलीचा नाही.

काकांचा अर्धा मुद्दा मात्र खरा आहे. वय खाली येतं आहे. कोपनहेगनमध्ये मुलींची छाती वाढू लागण्याचं सरासरी वय १९९१ च्या सुमारास १०.९ होतं, २००६ च्या सुमारास ते ९.९ झालं. पाळीचं वय त्या मानाने काही महिन्यांनीच सरकलं. अंगावरची चरबी हे एक मोठं कारण, कारण तिच्यातून निघणारं लेप्टिन मेंदूला ‘शरीर तयार आहे’ असा इशारा देतं. घराण्यात असेल तर तेही मोजावं लागतं. प्लास्टिक आणि सौंदर्यप्रसाधनांतल्या रसायनांवर संशय आहे, पुरावा अजून पक्का नाही. लॉकडाऊनमध्ये लवकर वयात येणारी मुलं वाढल्याचं पुण्याच्या डॉक्टरांनीही नोंदवलं आणि इटलीच्याही. घरात कोंडलेली, वजन वाढलेली, झोपेचा पत्ता नाही, अशी मुलं मी स्वतः तेव्हा पाहिली.

आता मृण्मयीताई, तुमचाही सूर मला पूर्ण मान्य नाही. प्रत्येक गाठीला इंजेक्शन लागत नाही. दोन वर्षांच्या काही मुलींची छाती थोडी फुगते आणि आपोआप बसते, तिथे काहीच करायचं नसतं. साडेसातच्या मुलीत हळू चाललेलं असेल तर मी तीन-चार महिन्यांनी परत बोलावतो, उंची मोजतो, मगच ठरवतो. वयात येणं सहाच्या आत सुरू झालं तर इंजेक्शनने उंचीला खरा फायदा होतो, आठच्या पुढे जवळजवळ नाही. तुमची पोस्ट वाचून उद्या माझ्याकडे आठ वर्षांच्या मुली ‘इंजेक्शन द्या’ म्हणत येतील.

मृण्मयी_नाशिक

डॉक्टर, मी ‘दाखवा’ लिहिलं आहे, ‘टोचा’ नाही. तपासून थांबणं आणि न तपासता थांबणं यांत फरक आहे. काकांच्या पुतण्याला ‘काही नाही’ म्हणून परत पाठवलं, ते तपासून परत पाठवलं. तो पैसा फुकट गेला असं त्यांना वाटतं. मला ते उत्तर मिळालं असतं तर मी गावात पेढे वाटले असते.

आठच्या पुढे फायदा नाही, हे मी नेमकं लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर ठीक, मान्य.

बाप_डोंबिवली

सगळे मुलींवर बोलताय. माझा मुलगा आठव्या वर्षी मिसरूड घेऊन फिरत होता. आवाज फुटला, काखेत केस, अंगाला मोठ्या माणसाचा घाम. चाळीतले काका त्याचा दंड दाबून बघायचे, ‘पैलवान होणार’. माझे वडील तर अभिमानाने लोकांना दाखवायचे. मुलींच्या बाबतीत निदान आईचा जीव घाबरतो, मुलाचं कौतुक होतं.

मुलांमध्ये हे क्वचित होतं, पण झालं तर त्यामागे काहीतरी सापडण्याची शक्यता मुलींपेक्षा बरीच जास्त, म्हणून डॉक्टरांनी लगेच मेंदूचा एमआरआय करायला लावला. मेंदूच्या तळाशी जन्मापासूनची छोटी गाठ निघाली. कॅन्सरची नाही, ऑपरेशन लागलं नाही, इंजेक्शनवर आहे. वर्गात मारामाऱ्या करायचा, रडायचा, ते कमी झालं. काका, याला मी कोंबडी बंद करून बसलो असतो तर?

स्टॉकहोमवासी

दिगंबरकाका ‘ताट बदललं’ म्हणतात, त्यावर इथला एक दाखला. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक आलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच पाळी आली, एकीला तर ७.३ व्या वर्षी. इथल्या गोऱ्या मुली तेच दूध, तेच मांस खात होत्या, त्यांना तेराच्या आसपास. म्हणजे दुधात काही होतं असं नव्हे. आधी उपासमार, मग अचानक पोटभर अन्न, हा बदल शरीराने असा घेतला असावा. माझ्या ओळखीत अशी दत्तक आलेली एक बाई आहे. तिच्या आईवडिलांना काय चाललंय ते शाळेच्या नर्सने सांगितलं, एरवी त्यांना कळलंच नसतं.

बाई_अंबाजोगाई

शाळेची नर्स! आमच्याकडे शाळेला धड संडास नाही.

कोंबडीवरून इतकं भांडण झालं, पण ती मुलगी वर्गात बसलेली असते तेव्हा तिच्याशी कोण बोलतं? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. एक मुलगी मधल्या सुट्टीत संडासातून बाहेरच येईना. तिला वाटलं, घसरगुंडीवर आतून काहीतरी फाटलं. नऊ वर्षांची. तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. राज्य सरकारच्या अस्मिता योजनेची पाच रुपयांची पॅडची पाकिटं २०१८ ला आली, पण ती अकरा वर्षांपासूनच्या मुलींना. नऊची मुलगी कुठल्याच कागदात बसत नाही. मी माझी ओढणी तिच्या कमरेला बांधली. संध्याकाळी तिची आई आली आणि म्हणाली, ‘बाई, कुणाला सांगू नका. घरात कळलं तर यंदा कारखान्यावर जायच्या आधी हिचं लग्न लावतील.’

लवकर वयात येण्याची काळजी शहरात उंचीची असते. आमच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात ती ही असते. आणि २००७ मध्ये विधानसभेत गोंधळ करून शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद पाडणारे हेच, ‘आमच्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणणारे.

सानिकाची_आई

बाई, त्या मुलीबद्दल वाईट वाटतं, पण म्हणून तिसरी-चौथीच्या सगळ्या मुलांना वर्गात हे शिकवायचं? माझी मुलगी अजून बाहुल्या खेळते. तिचं बालपण का घालवता? ज्या घरी गरज असेल त्या घरच्यांनी सांगावं. शाळेचं ते काम नाही.

दिगंबर_कराड

इथे मी सानिकाच्या आईच्या बाजूने आहे. हे घरात, आई-आजीने सांगायचं. वर्गात मुलगे बसलेले असतात.

मृण्मयी_नाशिक

काका, तुमच्या घरात सून पॅड आणून ठेवते, तुमची नात नशीबवान. बाईंच्या वर्गातल्या मुलीला घरून लग्न मिळणार होतं. आणि मुलगे बसलेले असतात म्हणूनच सांगायचं. माझ्या मुलीची ब्रेसियरची पट्टी ओढणारा मुलगा दुसरीतलाच होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून त्याने खेळ केला, आणि तिने पोहायला जाणं सोडलं.

बालरोग_सोलापूर

दिगंबरकाका, एक राहिलं. तुमची नात नऊची आहे. नवव्या वर्षी छाती भरायला लागणं आजारात मोडत नाही. पाळी यायला अजून दोन-अडीच वर्षं लागू शकतात. तिला इंजेक्शन नको, दूधही बंद करू नका, वाढत्या वयात ते हवं. वजन मात्र बघा आणि खेळायला पाठवा.

दिगंबर_कराड

बरं. ते दूध बंद केलं होतं, चालू करायला सांगतो. घरच्या गवळ्याचंच घेणार, त्यात कुणी मला शिकवू नये. तासगावच्या माणसाला मी खोटारडा म्हणालो नव्हतो, त्याला तसं वाटलं असेल तर तो शब्द मागे. पोस्ट माझ्या भावकीच्या ग्रुपवर मीच टाकली होती. काढतो. शाळेबद्दलचं माझं मत तेच आहे.

बाई_अंबाजोगाई

मत असू द्या. सोमवारी मी चौथीच्या मुलींना थांबवून सांगणार आहे, मुख्याध्यापकांना लेखी कळवलं आहे. सानिकाच्या आई, तुमच्याकडे घरात सांगायची सोय आहे तर या सुट्टीतच सांगा. बाहुल्या खेळत असली तरी.