मराठी शाळा : चित्रपुस्तकांतून लेखनाकडे

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आपल्या रविवारच्या मराठी शाळेत दुसऱ्या वर्गात आहे. बाराखडी तिला येते, जोडाक्षरेही ती वाचते. परंतु चार ओळी मनाने लिही म्हटले की तिचा हात थांबतो. ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध ती पाठ करून लिहिते आणि आठवड्याभरात विसरते. हीच मुलगी इथे इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत इंग्रजीत पानभर गोष्ट लिहिते. चित्रपुस्तकांच्या आधाराने मराठी लेखन शिकवता येईल का, याविषयी शिक्षकांनी कृपया मत कळवावे.

एक पालक

*

नमस्कार ताई,

इंग्रजी शाळेत लिहिण्याआधी भरपूर बोलणे होते, हे मला यामागचे मोठे कारण वाटते. इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिलीच्या मुलांनी वाक्य लिहिण्यापूर्वी ते तोंडी रचावे, असे स्पष्ट म्हटले आहे. इंग्रज शिक्षणतज्ज्ञ पाय कॉर्बेट यांच्या ‘टॉक फॉर रायटिंग’ (लेखनासाठी बोलणे) पद्धतीत तर मुले आधी एक गोष्ट हावभावांसह म्हणतात, तिचा चित्रांचा नकाशा काढतात, मग तीत थोडा बदल करतात आणि शेवटी स्वतःची गोष्ट लिहितात. आपण मात्र मुलांच्या हाती एकदम विषय ठेवतो.

माझ्या वर्गात मी ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ पासून सुरुवात करते. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ भेटो की कोल्हा, तिचे उत्तर ठरलेले असते : “लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.” इथे वाढणारी मुले ‘गेलो’ की ‘गेले’, ‘जातो’ की ‘जाते’ यांत फार अडखळतात, ‘जाईन’, ‘खाईन’ ही रूपे मात्र मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखीच असल्यामुळे त्यांना पहिले स्वतंत्र वाक्य निर्धास्तपणे लिहिता येते. एका मुलाने लिहिले, “आजीकडे जाईन, आंबे खाईन, पिवळा होईन, मग मला खा.” मुलीने लिहिले तर ‘पिवळी’ होईल का, हे त्याने आपणहून विचारले, आणि त्या दिवशीचा व्याकरणाचा पाठ तिथेच झाला.

चित्रात दिसते तेच लिहायला सांगितले, तर ‘हे झाड आहे, ही म्हातारी आहे’ अशी यादी तयार होते. म्हणून मी मजकूर झाकून चित्रात नसलेले विचारते : भोपळ्यात बसलेल्या म्हातारीला बाहेरचे काय काय ऐकू येत असेल? उत्तरे आधी तोंडी येतात, मग वहीत उतरतात. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके चार पातळ्यांत विनामूल्य मिळतात आणि मुक्त परवान्यामुळे, लेखक-चित्रकारांचा नामोल्लेख ठेवून, ती छापून वर्गात वाटताही येतात.

दुसऱ्या वर्गाची शिक्षिका

*

नमस्कार.

कल्पना चांगली आहे, पण शुद्धलेखनाचे काय? नातू ‘भोपळात’, ‘पाणीत’ असे लिहितो. ते तसेच सोडले तर पुढे तीच सवय लागेल, अशी मला काळजी वाटते.

एक आजोबा

*

नमस्कार काका,

आपली काळजी रास्त आहे. तरीही एका लेखनात एकाच प्रकारची चूक हाती घ्यावी, असे माझे मत आहे. ‘भोपळ्यात’, ‘पाण्यात’ ही रूपे कानाला कळतात, म्हणून ती आधी. ऱ्हस्व-दीर्घ पुढे सावकाश. मुलाचे वाक्य न खोडता त्याखाली योग्य वाक्य लिहावे आणि दोन्ही त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत, म्हणजे फरक त्यालाच ऐकू येतो. आपण रोज रात्री नातवाला एखादी गोष्ट सांगितलीत आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याकडून ऐकून घेतलीत, तर वर्गातले माझे निम्मे काम घरीच होईल. पुढच्या रविवारी मी मजकूर नसलेल्या एका चित्रपुस्तकाच्या प्रती आणणार आहे. मुलांनी त्यातली गोष्ट आठवडाभर घरच्यांना मराठीतून सांगावी. लिहिण्याचे काम आपण त्यानंतरच्या रविवारी वर्गात करू.

दुसऱ्या वर्गाची शिक्षिका