ओएएम स्विचिंग: एवढं भारी आहे तर फायबरमधे अजून का नाही?

शेवटचं_वर्ष_ईएनटीसी:
सेमिनारला ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम (ओएएम) घेतलंय. प्रकाशाचा बीम मळसूत्रासारखा पिळलेला असतो, पिळाचा आकडा वेगळा की चॅनल वेगळा, इथपर्यंत कळलं. पण स्विच करायचा म्हणजे नक्की काय बदलतात? आणि २०१२ मधेच सेकंदाला २.५६ टेराबिट करून दाखवलंय तर कंपन्या वापरत का नाहीत?

काचतंतू:
स्विचिंग सोपंय बघ. पिळाचा आकडा एल धर. एल १ चा बीम दोनची भर घालणाऱ्या स्पायरल फेज प्लेटमधून (गोल जिन्यासारखी जाडी वाढत जाणारी काच) गेला की एल ३ होऊन बाहेर पडतो, प्लेट उलटी लावली तर दोन वजा. आता प्लेटच्या जागी एसएलएम ठेव, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा पॅनल, त्यावरचा पॅटर्न बदलला की भर बदलते. पुढे मोड सॉर्टर लागतो, म्हणजे वेगवेगळ्या एलचे बीम (मोड) वेगळे करणारा, ग्लासगोच्या पॅजेट यांच्या ग्रुपने २०१० मधे दाखवलेला, तो गोल फिरणारा फेज, म्हणजे लाटेतला पुढेमागेपणा, उलगडून सरळ तिरका करतो आणि मग लेन्स प्रत्येक एल वेगळ्या जागी फोकस करते. एल बदलला की बाहेर पडायची जागा बदलली, झाला स्विच! डेटा मधे इलेक्ट्रिकल करावाच लागत नाही, बीमवर १० जी (सेकंदाला १० गिगाबिट) आहे का १०० जी याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही, मला तरी यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

अडचण वेगाची. लिक्विड क्रिस्टल मिलिसेकंदात हलतं, आणि १०० जीच्या लिंकवर एक मिलिसेकंद म्हणजे १० कोटी बिट. पॅकेट स्विचिंग, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा रस्ता देणं, विसर.

स्प्लाइसवाला:
फायबरचं मी सांगतो, रोजचं काम आहे. ते २.५६ टेराबिट हवेत होते, लॅबच्या टेबलावर, साधारण मीटरभर अंतरात. जमिनीत पुरलेली केबल सिंगल मोड आहे, म्हणजे प्रकाशाचा एकच आकार नेणारी, ९ मायक्रॉनच्या आसपासचा कोअर (मधला काचेचा गाभा), १५५० नॅनोमीटरला पिळलेला मोड त्यात टिकतच नाही. बोस्टनच्या ग्रुपने २०१३ मधे १.६ टेराबिट पाठवले पण त्यासाठी खास फायबर बनवलं, तेही १.१ किलोमीटर. असल्या फायबरचा स्प्लाइस (दोन टोकांचा जोड) करताना कोअर जरा इकडेतिकडे सरकला की एक मोड दुसऱ्यात सांडतो, आणि आपण इथे पावसात खड्ड्यात बसून जोड मारतो. उलट २०१७ ची अटलांटिकखालची मारेआ केबल बघा, फायबरच्या साध्या ८ जोड्यांवर १६० टेराबिटचं डिझाइन, पीळबीळ काही नाही. मग नवीन फायबर कोण टाकणार?

निळीरेघ:
स्प्लाइसवाले, लांब पल्ल्याला पटलं. पण डेटा सेंटरच्या आत अंतरं छोटी असतात आणि तिथे मिलिसेकंदही चालतात, गूगल मेम्स आरशांचे (चिपवरचे हलणारे बारीक आरसे) ऑप्टिकल स्विच वापरतंच की, सर्किट, म्हणजे दोन टोकांमधला रस्ता, एकदा लावलं की बराच वेळ तसंच राहतं. ओएएमला जागा मिळालीच तर तिथे, चिपवर. ब्रिस्टलच्या ग्रुपने २०१२ मधे काही मायक्रॉनच्या रिंगमधून असे बीम काढून दाखवलेत.

फक्त सेमिनारमधे 'अमर्याद चॅनल' लिहू नकोस प्लीज. एल वाढला की बीम फुगतो, मधलं काळं भोक मोठं होतं, लेन्सच्या मापात मोजकेच मोड बसतात. इतर मोड वापरून जेवढे चॅनल मिळतात त्यापेक्षा जास्त काही पीळ देऊन मिळत नाहीत, रेडिओसाठी एडफोर्स आणि योहानसन यांनी हेच २०१२ मधे मांडलंय.

शेवटचं_वर्ष_ईएनटीसी:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! मग डेमोला काय दाखवू, कॉलेजात एसएलएम नाहीये.

काचतंतू:
पायथॉनमधे कर, एल १ चा फेज काढ, त्यात प्लेटचे दोन मिळवले की एल ३ चा होतो ती बेरीज दाखव. आणि रोडॅममधला (फायबर नेटवर्कमधे रंगानुसार चॅनल वळवणारं यंत्र) एलकॉसचा (सिलिकॉनवरचं लिक्विड क्रिस्टल) वेव्हलेंग्थ सिलेक्टिव्ह स्विच वाचून जा, तोही असाच लिक्विड क्रिस्टलचा पॅनल आहे आणि फील्डमधे चालतो.