डोळे चोळायची सवय : तुमचे अनुभव सांगा

माझा मुलगा लहानपणापासून डोळे चोळायचा. झोप आली की चोळ, उठला की चोळ, अभ्यासाला बसला की मुठी आत रुतेपर्यंत चोळ. आम्ही ‘अरे, लाल होतील’ एवढंच म्हणायचो. चौदाव्या वर्षापासून सिलिंड्रिकल नंबर भराभर बदलू लागला, नवा चष्मा लावूनही अक्षरांना सावल्या दिसायच्या. शेवटी बुबुळाची टोपोग्राफी (त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) केली आणि केरॅटोकोनस निघाला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. या आजारात तो पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, “डोळे चोळतो का?” माझ्या पोटात खड्डा पडला. मग तो पडदा घट्ट करणारं क्रॉसलिंकिंग केलं : रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब आणि वरून अतिनील किरण. वाढ थांबली, पण बिघडलेला आकार काही पूर्ववत झाला नाही. आता कडक लेन्सशिवाय त्याला नीट दिसत नाही. तुमच्या घरी ही सवय कुणाला होती? सुटली कशी, तेही लिहा.

---

मला ॲलर्जी आहे. चोळताना इतकं बरं वाटतं की हात थांबत नाही. पण चोळण्यानेच आणखी हिस्टामिन (खाज आणणारं शरीरातलं रसायन) सुटतं आणि थोड्या वेळात खाज दुप्पट. मला गार पाण्याच्या घडीने खरा आराम मिळाला. एक मात्र कळकळीने सांगते : स्टिरॉइडचे थेंब मनाने घालू नका. मी कित्येक महिने घातले. खाज लगेच जायची, म्हणून चालूच ठेवले. तपासणीत डोळ्यातला दाब वाढलेला निघाला. थेंब बंद केल्यावर तो उतरला, डोळ्याची नस वाचली. वेळेत कळलं म्हणून.

---

कॉन्टॅक्ट लेन्स घातलेली विसरून डोळा चोळला, बुबुळावर ओरखडा. ती रात्र डोळा उघडताही येईना. दोन दिवसांत भरून आलं.

---

ताई, मुलगा झोपेतही चोळतो का? माझी लेक उशीत डोळा दाबून पालथी झोपते, तिला कसं थांबवावं कळत नाही.

---

हो, झोपेतही चोळायचा. डॉक्टरांनी रात्री डोळ्यांवर प्लास्टिकची ढाल लावायला दिली. पहिला आठवडा काढून फेकायचा, मग सवय झाली. लेकीला एकदा दाखवून घ्या. हा आजार कधी कधी घराण्यातही असतो, म्हणून धाकटीचीही टोपोग्राफी पुढच्या आठवड्यात करतोय.