शब्दचर्चा : ‘तह’, ‘करार’ आणि ‘बांधील’

खानापूरहून :
दहावीच्या वर्गात बातमी वाचून दाखवत होतो, ‘संरक्षण करारानुसार अमेरिका फिलिपिन्सला मदत करण्यास बांधील’. एका मुलीनं विचारलं, “सर, करार म्हणजे घरभाड्याचा असतोय तसलाच काय?” तिचं काही चुकलं नाही. इथं बाँड पेपरवर करारपत्र होतं, कन्नडातही करारु पत्रच. विमानं विकत घेतली तरी ‘संरक्षण करार’, एकमेकांसाठी उभं राहायचं वचन दिलं तरी ‘संरक्षण करार’. हिंदीतला ‘संधि’ घ्यावा का?

निपाणीहून :
नको सर. आपल्याकडं ‘संरक्षण संधी’ म्हटलं की लोक भरतीची जाहिरात समजतील. आपला ‘तह’ आहे की! तो लढाई थांबल्यावरच होतो असं नाही. १८०२ चा वसईचा तह बघा : दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या रक्षणाला इंग्रजांचं किमान ६००० पायदळ, आणि खर्चापोटी इंग्रजांना २६ लाख उत्पन्नाचा मुलूख.

बेळगावहून :
‘तह’ मान्य, पण वसईत एकाचं रक्षण आणि दुसऱ्याचा ताबा होता. अमेरिका-फिलिपिन्सचा १९५१ चा हा तह दोन्ही बाजूंनी आहे. त्याला ‘परस्पर’ही लावू नका, ‘जमीन परस्पर विकली’ हा अर्थ आधी मनात येतो. ‘एकमेकांच्या रक्षणाचा तह’ म्हणावं.

मला जास्त खटकतं ते ‘बांधील’. चौथं कलम सांगतं की पॅसिफिकमध्ये एकावर सशस्त्र हल्ला झाला, तर दुसरा तो स्वतःच्या शांततेलाही धोका मानेल आणि आपल्या घटनात्मक रीतीनं पाऊल उचलेल. फौज पाठवूच, असं त्यात नाही. मराठा सेंटरच्या, म्हणजे लष्कराच्या मराठा रेजिमेंटच्या केंद्राच्या, आमच्या गावात मात्र ‘बांधील’ वाचलं की हुकूम सुटला असंच वाटतं.

आणि हल्ला तरी कशाला म्हणायचं? पाचव्या कलमात सरकारी जहाजं येतात, म्हणून तर फिलिपिन्सनं १९९९ मध्ये दक्षिण चिनी समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या उथळ खडकावर मुद्दाम रुतवलेल्या, गंजलेल्या ‘सिएरा माद्रे’ या नौदलाच्या जहाजाला एवढं मोल. या खडकावर चीनही हक्क सांगतो. तिकडं रसद नेणाऱ्या बोटींवर चिनी तटरक्षक दल पाण्याचा मारा करतं. जून २०२४ मध्ये कुऱ्हाडी घेऊन आले, झटापटीत एका फिलिपिनी नौसैनिकाचा अंगठा गेला. तरी मनिलानं त्याला ‘सशस्त्र हल्ला’ म्हटलं नाही. जहाजांच्या संख्येत चीनचं नौदल आज जगात सर्वांत मोठं आहे, तिथं एकेक शब्द तोलूनच वापरतात.

खानापूरहून :
मग उद्या फळ्यावर असं लिहितो : ‘एकमेकांच्या रक्षणाच्या तहात अमेरिकेनं फिलिपिन्सच्या पाठीशी उभं राहायचं कबूल केलं आहे.’ त्या मुलीच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडात तहाला ‘ओप्पंद’ म्हणतात, आणि ‘ओप्पु’ म्हणजे कबूल होणंच.