‘मुक्त केला’ की ‘मुक्त झाला’? बेसबॉलच्या फ्री एजंटला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये लेकाने परभणीला आजीला फोनवर बातमी दिली, “यँकीजने सोटोला सोडलं.” आजी हळहळली, “का रे, धड खेळत नव्हता का?” आता काय सांगावं! न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल क्लबच्या हुआन सोटोने त्या मोसमात ४१ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले होते, आणि त्याच शहरातल्या मेट्स क्लबने त्याच्याशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. घोटाळा ‘सोडलं’ या शब्दाचा. मग काय म्हणायचं?

प्रतिसाद: आजींचं काही चुकलं नाही. आयपीएलच्या बातम्यांनी आपल्या कानाला ‘मुक्त केले’ची सवय लावली आहे; संघाला नको असतो, तो मुक्त. बेसबॉलमध्ये मेजर लीगची, म्हणजे तिकडच्या अव्वल लीगची, सहा वर्षं भरली आणि करार संपला, की खेळाडू आपसूक मोकळा होतो; तोच ‘फ्री एजंट’. संघ काही करत नाही. म्हणजे ‘केला’ नव्हे, ‘झाला’. मी त्याला ‘करारमुक्त’ लिहितो.

हे ‘मुक्त’ फुकट मिळालेलं नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवर क्लबचाच हक्क राही. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या क्लबने आपल्या कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाच्या क्लबकडे धाडायचं ठरवलं. तो गेला नाही, कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. दार उघडलं ते डिसेंबर १९७५ मध्ये, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) बाजूने लवादाचा निकाल लागला तेव्हा.

प्रतिसाद: ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’चं यंत्राने केलेलं भाषांतर वाचलंय? ‘नेमणुकीसाठी नियुक्त’! पेढे वाटावेत असं वाटतं. प्रत्यक्षात क्लबच्या ४० जणांच्या यादीतून बिचाऱ्याचं नाव गेलेलं असतं, आणि सात दिवसांत त्याला दुसरा क्लब घेतो, तो खालच्या लीगमध्ये जातो किंवा घरी. ‘यादीतून उतरवला’ म्हणा की सरळ.

प्रतिसाद: तसंच जपानी खेळाडू ओहतानीच्या ‘डिफर्ड’ पगाराला कुणी ‘थकीत’ म्हणू नये. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स क्लबशी ठरलेल्या ७० कोटींपैकी ६८ कोटी डॉलर त्याला २०३४ ते २०४३ मध्ये मिळायचे आहेत, पण ते राजीखुशीने मागे ठेवलेले. थकवतो तो बुडव्या.

प्रतिसाद: जाता जाता, ऑफसीझनला, म्हणजे सामने नसतात त्या काळाला, ‘भाकडकाळ’ कसा वाटतो? गाय आटवली की दूध बंद, पण खुराक चालू, कारण पुढच्या वेताची तयारी तेव्हाच होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी क्लबांचं हेच चालतं.

प्रतिसाद: गोठ्यात ठीक. पेपरात ‘भाकड’ वाचून लोक निरुपयोगी असाच अर्थ घेतील. हिवाळ्यात शेगडीभोवती बसून कोण कुठे जाणार याच्या वावड्या उडवायच्या, त्याला तिकडे ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. त्यांना मात्र भाकडकथा खुशाल म्हणा.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार. लेकाने आजीला ‘करारमुक्त’ ऐकवलं. ती म्हणाली, “मास्तरासारखं काय बोलतोस? त्याचं साल भरलं, आता त्याने दुसऱ्याकडे साल धरलं, असं म्हण की.” आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला संपायचं.